पुढच्या सस्पेन्शनचे नट-बोल्ट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुनी गाडी पूर्ण खोलून पुन्हा जोडणाऱ्या वाचकांची पत्रं या सदराकडे नेहमीच येतात. या वेळची बरीचशी एकाच जागी अडली आहेत : पुढचं सस्पेन्शन परत बसवताना कुठला बोल्ट किती आवळायचा आणि कशाने लॉक करायचा. म्हणून हा अंक याच विषयाला दिला आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, पण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत.

प्रश्न : माझ्या एमजीबीचं (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पुढचं सस्पेन्शन पूर्ण खोललं, आर्म आणि क्रॉसमेंबर (चौकटीचा आडवा भाग) पावडर कोटिंग करून आणले. खोलताना काही ठिकाणी स्प्लिट पिनवाले कॅसल नट (वर खाचा असलेले, आरपार पिनेने अडवलेले) निघाले, काही ठिकाणी नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले नट), तर काही ठिकाणी नुसते स्प्रिंग वॉशर. आता सगळीकडे नायलॉकच लावले आणि वर थ्रेडलॉकरही (आटे चिकटवणारं द्रव) टाकलं तर चालेल का? एकदाच काय ते पक्कं व्हावं असं वाटतं.

उत्तर : सरसकट नायलॉक नको. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या पावडर कोटिंगकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. सांधा टिकतो तो या दाबामुळे. हे ताणणं किती असतं? तीन सुती, म्हणजे ३/८ इंचाचा चांगल्या प्रतीचा बोल्ट घ्या. त्यात ४० मिमी जाडीचा ऐवज पकडला असेल, तर व्यवस्थित आवळल्यावर तो साधारण ०.०८ मिमी लांब होतो. पावडर कोटिंगचा एक थर सहज ०.०६ ते ०.१० मिमी जाड असतो. बोल्टच्या डोक्याखाली, नटखाली आणि मधल्या दोन पृष्ठभागांवर हा थर असेल, तर गाडी चालू लागल्यावर तो दबतो, कडेने सरकतो. चारही थर मिळून ०.०४ मिमी जरी बसले, तरी बोल्टमधला निम्मा ताण गेला. नट जागचा हललेला नसतो, स्प्लिट पिन शाबूत असते, आणि सांधा मात्र सैल असतो. अशा वेळी कुठलंही लॉक उपयोगाचं नाही.

म्हणून जिथे वॉशर टेकतो, जिथे दोन धातू एकमेकांवर बसतात आणि बुशची (सांध्यातल्या रबरी नळीची) आतली धातूची स्लीव्ह जिथे दाबली जाते, त्या सगळ्या जागा उघड्या धातूपर्यंत साफ करा. कानस नको, ती पृष्ठभाग तिरका करते. सपाट स्क्रेपरने रंग काढा, वर एमरी पेपर फिरवा. गंजाची भीती असेल तर प्रायमरचा अगदी पातळ हात चालतो. पूर्ण आवळून झाल्यावर सांध्याच्या कडेने रंग लावा, आत नको. पुढच्या वेळी कोटिंगला भाग देताना या जागा टेपने झाकूनच द्या.

आता लॉक. कॅसल नट आणि स्प्लिट पिन जिथे कारखान्याने दिली आहे, तिथे तीच ठेवा. किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनेचा) वरचा नट, विशबोनच्या (चाक धरणाऱ्या आर्मच्या) पिव्हट शाफ्टच्या, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या, टोकांचे नट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) या जागी भाग एकमेकांत फिरतात आणि नटला फिरवू पाहतात. ताण पूर्ण गेला तरी नट गळून पडणार नाही, एवढी खात्री इथे हवी, आणि ती फक्त पिन देते. शिवाय पिनसाठी भोक असलेल्या बोल्टवर नायलॉक चढवला, तर भोकाची धार आतली नायलॉनची कडी खरवडून टाकते. असा नट वरून नवाकोरा दिसतो, पण पकड गेलेली असते.

आरपार बोल्ट, भोक नसलेला, आणि दोन भाग नुसते दाबून धरायचे आहेत, अशा ठिकाणी नायलॉक उत्तम. बोल्टचे एक-दोन पूर्ण आटे नायलॉनच्या बाहेर आले पाहिजेत. नट हाताने शेवटपर्यंत फिरत गेला तर तो टाकून द्या. आम्ही तर म्हणू, सस्पेन्शनवर जुना नायलॉक वापरूच नका. नायलॉन साधारण १२० अंश सेल्सियसपर्यंत टिकतं, त्यामुळे ब्रेक डिस्कच्या अगदी जवळ किंवा एक्झॉस्टशेजारी पूर्ण धातूचा लॉकनट घ्या. आणि जाडीला निम्मा असलेला पातळ नायलॉक पूर्ण नटच्या जागी कधीही नको.

थ्रेडलॉकर तुमच्या गाडीत कामाचं आहे ते मुख्यतः शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या चार बोल्टांना. एमजीबीत शॉकचा हातच वरच्या विशबोनचं काम करतो आणि हे बोल्ट क्रॉसमेंबरमध्येच आवळले जातात. पुस्तिकेतला टॉर्क (आवळताना लावायचा पिळाचा जोर) ४३ ते ४५ फूट-पाउंड, म्हणजे ५८ ते ६१ न्यूटन-मीटर. मध्यम ताकदीचं, निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर घ्या. लाल नको, ते सोडवायला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि शेजारी रबर आणि ऑइल सील आहेत. बोल्टचे आणि भोकातले आटे ब्रेक क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या, पकडीत येणाऱ्या आट्यांवर दोन-तीन थेंब सोडा, लगेच आवळा. एकदा जमायला लागल्यावर बोल्ट पुन्हा हलवू नका. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या.

नायलॉक आणि थ्रेडलॉकर एकाच सांध्यावर नको. थ्रेडलॉकर हवेशिवाय, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं. नायलॉनच्या भागात ते ओलंच राहतं आणि आवळताना वंगणाचं काम करून टॉर्कचा अंदाज चुकवतं.

राहिले स्प्रिंग वॉशर. गेरहार्ड युंकर यांनी १९६९मध्ये दाखवून दिलं, की बोल्ट सैल होतो तो सांध्याला आडवे हिसके बसून भाग एकमेकांवर घसरल्यामुळे. स्प्रिंग वॉशर पूर्ण आवळल्यावर सपाट होतो आणि त्या घसरण्याला अडवत नाही. मूळ रूप जपायचं म्हणून ठेवायचे तर ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : कॅसल नट सांगितलेल्या टॉर्कला आला, पण खाच आणि भोक जुळत नाही. थोडा मागे फिरवून पिन घातली तर?

उत्तर : मागे फिरवायचा नाही, पुढेच न्यायचा. कॅसल नटला सहा खाचा असतात, म्हणजे दर ६० अंशांनी एक खाच भोकासमोर येते. पुस्तिकेत टॉर्कच्या दोन मर्यादा दिलेल्या असतील तर खालच्या आकड्याला थांबा, भोक कुठे आहे ते पाहा आणि तिथून पुढे आवळत जा. वरचा आकडा ओलांडूनही खाच येत नसेल तर नट काढा आणि खालचा वॉशर बदला. ३/८ यूएनएफ (बारीक आट्यांच्या इंची) बोल्टला इंचाला २४ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात नट १.०६ मिमी सरकतो. ०.१ मिमी पातळ वॉशर घातला की नट त्याच टॉर्कला सुमारे ३४ अंश पुढे जाऊन थांबतो. चार-पाच वॉशर व्हर्नियरने मोजून जवळ ठेवा; त्यातला एक बरोबर बसतोच. नाहीतर काचेवर एमरी पेपर ठेवून नटची टेकणारी बाजू सपाट घासा.

पिन भोकात जेमतेम जाईल इतकी जाड हवी. ढिली पिन रोज थोडी थोडी हलून झिजते. डोकं खाचेत पूर्ण दाबलं गेलं पाहिजे. मग एक पाय बोल्टच्या टोकावरून वर वळवा आणि तिथेच कापा, दुसरा खाली नटच्या सपाट बाजूला टेकवून कापा. कापलेलं टोक बाहेर डोकावत असेल तर पुढच्या वेळी हात फाटतो, आणि टाय रॉडजवळ असेल तर रबरी बूट. वापरलेली पिन सरळ करून परत घालू नका. वळलेल्या जागी तिला आधीच चीर गेलेली असू शकते.

चाकाच्या हबचा नट मात्र वेगळा. टेपर बेअरिंगच्या बहुतेक जुन्या गाड्यांत हा नट ताण देण्यासाठी नसून बेअरिंगची फट जुळवण्यासाठी असतो. हब फिरवत फिरवत हलका आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सोडायचा, बोटांनी टेकवायचा आणि पुस्तिकेतली फट येईल अशा जवळच्या खाचेपर्यंत मागे आणायचा. इथे पुढे नेलात तर बेअरिंग तापून जाईल. त्यातही एमजीबी अपवाद आहे : तिथे दोन बेअरिंगमध्ये स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात, फट शिमने ०.०५ ते ०.१० मिमी जुळवतात आणि नट ४० ते ७० फूट-पाउंडला (५४ ते ९५ न्यूटन-मीटर) पक्का आवळतात. हे शिम गहाळ करून ‘हाताच्या अंदाजाने’ सोडलेला हब धोकादायक आहे. तुमची गाडी कुठल्या प्रकारची, हे आधी पाहा.

प्रश्न : जोडणी झाल्यापासून गाडी पुढून उंच दिसते आहे. खड्ड्यातून जाताना करकर आवाज येतो. स्प्रिंग जुनीच आहे. बुश सगळे नवे रबरी.

उत्तर : चाकं हवेत लोंबकळत असताना पिव्हटचे नट पूर्ण आवळले गेलेले दिसतात. धातूला चिकटवलेल्या रबरी बुशमध्ये आतली स्लीव्ह आवळल्यावर फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो रबर पिळून. स्लीव्ह ज्या स्थितीत पकडली ती रबराची आरामाची स्थिती. लोंबकळताना पकडली, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, ते गाडीला वर ढकलतं, आणि मोठ्या खड्ड्यात त्याला सहन होण्यापलीकडे पीळ बसतो. काही महिन्यांत ते धातूपासून सुटतं.

दुरुस्ती सोपी आहे, फार वेळ घालवू नका. पिव्हटचे सगळे नट सैल करा, पण काढू नका. गाडी चाकांवर जमिनीवर आणा. खाली शिरायला जागा हवी म्हणून जॅक लावू नका. चारही चाकं सारख्या उंचीच्या भक्कम फळ्यांवर किंवा रॅम्पवर चढवा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. बॉनेट दाबून चार-सहा वेळा हिंदकळवा, गाडी एक लांबी पुढे-मागे ढकला, म्हणजे चाकांचा आडवा ताण सुटेल. मग टॉर्कला आवळा आणि नव्या पिना घाला. इंजिन अजून बसवलं नसेल तर हे काम तेव्हा करू नका. पुढचं वजन नसताना मिळणारी उंची खोटी असते. तोवर नट हलके आवळून त्यांना लाल चिंधी बांधून ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

करकर तरीही राहिली तर स्लीव्हची लांबी तपासा. ती बुशच्या रबरापेक्षा किंचित लांब हवी. स्वस्त बुशमध्ये ती कधी कधी आखूड येते. मग आवळताना दाब स्लीव्हऐवजी रबरावर जातो, टॉर्कचा आकडा येतो आणि पकड मात्र येत नाही. नायलॉन किंवा पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये स्लीव्ह मोकळी फिरते, त्यामुळे तिथे कुठल्या स्थितीत आवळता याने फरक पडत नाही, पण स्लीव्हच्या लांबीचा नियम तोच.

प्रश्न : मूळ बोल्ट गंजून गेले. त्याच जाडीचे आणि लांबीचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मिळाले, डोक्यापासून टोकापर्यंत आटे आहेत. लावू का?

उत्तर : दोन्ही कारणांनी नको. ए२-७० प्रतीच्या स्टेनलेस बोल्टची कायमचा ताणला जाण्याची मर्यादा ४५० मेगापास्कल, साध्या ८.८ बोल्टची ६४०. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांत अडकून चिकटतात आणि नट अर्ध्यावर जाम होतो.

पूर्ण आट्यांचा बोल्ट तर पिव्हटला अजिबात नको. तिथे बोल्टवर कातरणारा भार येतो, आणि तो गुळगुळीत दांड्यावर पडला पाहिजे. आट्यांच्या खोबणीत व्यास कमी असतो, भेग तिथून सुरू होते. आट्यांच्या धारा कंसाचं भोकही कानशीसारखं झिजवून मोठं करतात. गुळगुळीत दांडा दोन्ही कंसांतून पार गेला पाहिजे. पण तो फार लांबही नको, नाहीतर नट दांड्याच्या कडेला अडतो. टॉर्क रेंच टक् करते, आणि वॉशर हाताने फिरतो. आवळून झाल्यावर प्रत्येक वॉशर बोटाने फिरवून पाहा; एका क्षणाचं काम आहे.

बोल्टची प्रत डोक्यावर वाचा. इंची बोल्टवर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. अमेरिकी पद्धतीच्या बोल्टवर काहीच खूण नसेल तर तो सस्पेन्शनसाठी नाही. मेट्रिकवर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. जुने १०.९ बोल्ट आम्लात धुऊन झिंक प्लेटिंगला देऊ नका. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि लगेच भट्टीत तापवून तो काढला नाही तर आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो.

प्रश्न : पुस्तिका नाही. टॉर्क किती धरू? आट्यांना ऑइल लावू की कोरडे ठेवू?

उत्तर : पुस्तिका मिळवाच, रबर मधे असलेल्या सांध्यांना आणि टेपरच्या (निमुळत्या पिनेच्या) नटांना सर्वसाधारण आकडे लागू पडत नाहीत. धातूवर धातू असलेल्या सांध्यात, कोरड्या आट्यांना, ग्रेड ५ यूएनएफ बोल्टसाठी साधारण असं धरतात : ५/१६ इंचाला २५ न्यूटन-मीटर, ३/८ ला ४५ ते ५०, ७/१६ ला ७५, अर्ध्या इंचाला ११५ ते १२०. मेट्रिक ८.८ मध्ये एम १० ला ४५ ते ५०, एम १२ ला ८० ते ८५. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर.

टॉर्कचा निम्मा भाग डोक्याखालच्या किंवा नटखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतात. म्हणून थोडंसं तेल सगळं गणित बदलतं. ऑइल लावलंत तर कोरड्याचा आकडा १५ ते २५ टक्के कमी करा. गंजलेल्या, रंग अडकलेल्या आट्यांवर उलट घडतं : आकडा येतो, ताण येत नाही. आटे वायर ब्रशने साफ करा, नट हाताने शेवटपर्यंत जातो का पाहा. नायलॉक असेल तर तो टेकण्याआधी नुसता फिरवायला किती टॉर्क लागतो ते मोजा आणि तो वरच्या आकड्यात मिळवा. शक्यतो नट फिरवा, बोल्टचं डोकं धरून ठेवा.

रेंचने एकदाच टक् ऐका. ‘खात्रीसाठी’ दुसऱ्यांदा ओढलं की बोल्ट आणखी फिरतो. काम झालं की रेंच सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा.

प्रश्न : बॉल जॉइंटचा नट आवळताना जॉइंटची निमुळती पिनच गोल फिरते.

उत्तर : टेपरवर ग्रीस किंवा रंग आहे. दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा, खालून जॅकने हलका दाब देऊन टेपर बसवा आणि मग आवळा. तरी फिरली तर आधी एक साधा नट लावून टेपर ओढून घ्या, तो काढून कायमचा लावा. टेपरला मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून पाहा. डाग फक्त एका टोकाला उमटत असेल तर भोक झिजलं आहे, आणि तो हात बदलायलाच हवा.

प्रश्न : ट्रायम्फ हेरल्डचं (जुनी ब्रिटिश गाडी) खालचं ट्रनियन (चाकाची उभी लिंक ज्यात आट्यांवर फिरते तो भाग) बसवताना काय सांभाळायचं?

उत्तर : हा सांधा तुटला तर चाक गाडीखाली दुमडतं, म्हणून स्वतंत्र वेळ द्या. उभ्या लिंकच्या आट्यांवर, विशेषतः वरच्या शेवटच्या आट्याजवळ, गंजाचा खड्डा किंवा झिजलेली पायरी असेल तर लिंक बदला. तुटते ती तिथेच. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटे असतात, जोड्या मिसळू नका. ट्रनियन पूर्ण टेकेपर्यंत फिरवा, मग दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळेल एवढंच मागे घ्या. एका फेऱ्याच्या आतच ते जमतं. आत ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही आणि पाणी आत साठतं. आडव्या बोल्टला स्लीव्हमधून जाताना अँटी-सीझचा (गंजून चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात द्या, नाहीतर तो पुढच्या वेळी स्लीव्हसकट कापावा लागतो. तो हात दांड्यापुरताच. आटे कोरडे ठेवा. नायलॉक नवा.

प्रश्न : टॅब वॉशर (नटला अडवायला दुमडायची पाती असलेला) आणि लॉक वायर (बोल्टचं डोकं अडवणारी तार) यांची बाजू कशी ओळखायची?

उत्तर : टॅब नटच्या सपाट बाजूला पूर्ण चिकटला पाहिजे, कोपऱ्यावर नाही. दुसरा टॅब न फिरणाऱ्या भागाला अडकलेला हवा, नाहीतर वॉशर नटबरोबरच फिरतो. एकदा वळवलेला टॅब टाकून द्या. वायर ०.८ मिमी स्टेनलेस, सेंटीमीटरला अडीच-तीन पीळ. ती अशी ओढा की बोल्ट सैल होऊ लागला तर वायर ताणली जाईल. सरळ आट्यांच्या बोल्टला म्हणजे वायर डोक्याला घड्याळाच्या दिशेने खेचती हवी. बोल्टवर बोट ठेवून उलटा फिरवल्याची कल्पना करा; वायर ढिली पडताना दिसली तर ती चुकीची बांधली आहे. शेपूट आत वळवा.

प्रश्न : सगळं जोडल्यावर पुन्हा कधी तपासू?

उत्तर : आवळून झाल्यावर प्रत्येक नटवरून शेजारच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढा. पहिल्या ८० किलोमीटरनंतर खालून टॉर्च मारून सगळ्या रेघा पाहा, आणि रेघ तुटलेली नसली तरी क्रॉसमेंबर व शॉकचे बोल्ट रेंच लावून तपासा, कारण रंग दबल्याने गेलेला ताण रेघेत दिसत नाही. थ्रेडलॉकर लावलेला बोल्ट रेंचच्या आकड्याआधीच हलला, तर तो काढून, धुऊन, नव्याने थ्रेडलॉकर लावून बसवावा लागेल. पिनवाला नट सैल निघाला तर पिन काढा, आवळा, नवी पिन घाला. हीच फेरी ८०० किलोमीटरला पुन्हा करा. एकच बोल्ट दोन्ही वेळा सैल मिळाला, तर तिसऱ्यांदा नुसता आवळू नका. सांधा खोला आणि आत रंग, आखूड स्लीव्ह की लंबगोल झालेलं भोक, ते शोधा.